आखडलेला खांदा

फळ्यावर लिहिताना उजवा हात डोक्याच्या वर जाईना, तेव्हा प्रथम मी फळ्याच्या उंचीलाच दोष दिला. पुढे कोटाच्या बाहीत हात घालावयास मुलीची मदत लागू लागली. चार हितचिंतकांच्या सल्ल्याने मी हात झोळीत बांधून ठेवला, आणि खरी चूक तेथेच झाली.

खांद्याची रचना पाहिली म्हणजे ती चूक ध्यानात येते. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, पण त्याची खोबण बशीसारखी उथळ. म्हणूनच हात चहूकडे फिरतो; मात्र सांध्याचा भार हाडांपेक्षा भोवतालच्या चार लहान स्नायूंवर व एका पातळ आवरणावर अधिक असतो. या आवरणाला सूज येऊन ते जाड व आखूड झाले, की खांदा आखडतो. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली यास ‘गोठलेला खांदा’ असे नाव दिले. हात फार दिवस बांधून ठेवल्यास आखडणे वाढतेच. मनगट मोडून प्लास्टर घातलेली माणसे खांदाही हलवीत नाहीत, त्यांचेही असेच होते.

हा विकार बहुधा चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांत अधिक, आणि मधुमेह्यांत तर विशेषच आढळतो. आमच्या खालांना वेणी घालता येईना. वयच झाले म्हणून त्या गप्प राहिल्या. रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला. माझ्या मते हा एवढा परिच्छेद वाचकांनी घरी वाचून दाखवावा.

उपाय संथ आहे. चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाकावे, दुखरा हात सैल सोडावा व शरीराच्या झोक्याने तो लंबकासारखा हलू द्यावा. जोर लावू नये. नंतर भिंतीकडे तोंड करून बोटांनी हळूहळू वर चढावे; काल पोहोचलो तेथे पेन्सिलीची खूण केली तर हुरूप येतो. आधी दहा-पंधरा मिनिटे शेक घेतल्यास बरे. ताण जाणवणे ठीक, पण व्यायामानंतर तासन्‌तास ठणका राहिला तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. मालिशवाल्याकडून हात ओढून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे.

पडल्यानंतर हात मुळीच उचलत नसेल, तर व्यायामाआधी डॉक्टर गाठावा. खांदेदुखीबरोबर छातीत दाटणे व घाम असेल, तर क्षणाचाही विलंब नको. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

बरे होण्यास एक ते तीन वर्षेही लागतात. माझे चौदा महिने झाले. हात फळ्याच्या वरच्या कडेला पोहोचतो. पाठीमागे मात्र अजून कमरेच्या वर जात नाही.