जाणता गेल्यावर मशीन कुणाचं?

मशीन किती टिकाऊ आहे हे वॉरंटी कार्डावरून कळत नाही. त्यासाठी एक वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: ज्याच्या हाताला हे मशीन ओळखतं, तो माणूस उद्या नसला तर परका माणूस ते चालू करू शकेल का? चालू करू शकत असेल तर मशीन त्या घराचं, नसेल तर ते आजवर त्या एका माणसाचंच होतं. इंदूरमध्ये हा प्रश्न दोन यंत्रांना लावून पाहण्यासारखा आहे. एक म्हणजे आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्तीला येणारा घरचा असेंबल्ड कॉम्प्युटर. दुसरं, माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन आणि गहू पेरणारा ट्रॅक्टर. पहिलं यंत्र या कसोटीला चांगलं उतरलेलं आहे, दुसरं उतरत होतं. आता दोन्ही हळूहळू नापास होऊ लागली आहेत, आणि ती एकाच कारणाने नापास होत आहेत, असं माझं म्हणणं आहे.

ही कसोटी सर्वांत निष्ठुरपणे लागते ती ट्रॅक्टर पुलिंगच्या खेळात. अमेरिकेत आणि युरोपात ट्रॅक्टरच्या मागे एक जड लोखंडी गाडी जोडतात. ट्रॅक्टर पुढे जाईल तसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं, तिचा पुढचा भाग जमिनीत दाबला जातो आणि ओढणं क्षणाक्षणाला अवघड होत जातं. युरोपात शंभर मीटर पार केले की पूर्ण ओढ मानतात. पंजाबात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने एकमेकांना खेचतात, त्याला टोचन म्हणतात. पुलिंगच्या वरच्या गटांतले ट्रॅक्टर शोरूममधून येत नाहीत. कुठे तीन-चार इंजिनं एका शाफ्टला जोडलेली असतात, कुठे जुन्या विमानाचं बारा सिलिंडरचं इंजिन बसवलेलं असतं, आणि ही जुळणी त्या चमूनेच केलेली असते. चालवणारा एक, क्लच जुळवणारा दुसरा, इंजिन ऐकून दोष सांगणारा तिसरा. यातला एक गेला की बाकीच्यांवर दुःख कोसळतंच, पण त्यापाठोपाठ व्यवहारातला प्रश्नही येतो. क्लच किती दाबाला पकडायचा, दोन इंजिनांतलं टायमिंग कसं जुळवायचं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. ते त्याच्याबरोबर गेलेलं असतं. जागेवर दुसरा माणूस उभा करता येतो, पण मशीन त्याला अनोळखीच राहतं.

घरच्या कॉम्प्युटरने ही अडचण फार आधी सोडवली, तीही जवळजवळ अपघाताने. 1981 साली आयबीएमने पहिला पर्सनल कॉम्प्युटर घाईत बाजारात आणला. त्यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे पार्ट वापरले आणि तांत्रिक माहितीच्या पुस्तकात सर्किटची आकृती छापून टाकली, मशीन सुरू करणाऱ्या बायोसची संहितासुद्धा. इतरांनी त्याच्याशी जुळणारी यंत्रं बनवली. 1987 मध्ये आयबीएमने नवी, परवान्याने बांधलेली रचना आणून दार लावायचा प्रयत्न केला, पण बाजार तिच्यामागे गेला नाही. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं: मदरबोर्डचे स्क्रू कुठे, सप्लायची वायर कुठे, पाठीमागची भोकं कुठे. 1991 नंतर आयात सैल झाली तेव्हा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट गावोगाव जाऊ लागले. इंदूरसारख्या शहरात ज्याला असेंबल्ड पीसी म्हणतात त्याचा जन्म असा झाला. कॅबिनेट एका कंपनीचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची, आणि हे सगळं जोडणारा माणूस गल्लीतला.

या मोकळेपणाचा अर्थ नीट कळायचा तर दुरुस्तीच्या टेबलावरचं एकच काम जवळून पाहावं. बटन दाबलं, काहीच झालं नाही, गिऱ्हाईक म्हणतं 'डेड आहे'. मेकॅनिक आधी एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, सोडवून बाजूला घेतो. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शोधतो आणि वायरच्या तुकड्याने ती कुठल्याही काळीला टेकवतो. पंखा फिरला तर सप्लायमध्ये निदान जीव आहे. मग मीटर: पिवळीवर 12 व्होल्ट, लालवर 5, नारिंगीवर 3.3, आणि मशीन बंद असतानाही जांभळीवर 5. पिवळीवर 11.4 च्या खाली आकडा गेला की सप्लाय संशयित. हे रंग एटीएक्सच्या मापाबरोबर आले. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच शहरात, आज हयातही नसलेल्या कारागिराने जोडलेलं मशीन इंदूरचा विशीतला मुलगा पाच मिनिटांत तपासू शकतो. आधीच्या माणसाला त्याला काही विचारावं लागत नाही, कारण उत्तर वायरच्या रंगातच आहे.

यावर अनुभवी माणूस म्हणेल की रंग ओळखणं म्हणजे कसब नव्हे. ते खरंच आहे. सप्लाय ठीक निघाल्यावर खरं काम सुरू होतं. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून पुन्हा बसवायचे, तीन व्होल्टचा गोल सेल काढून बायोस मूळ पदावर आणायचा, एकेक कार्ड काढत डिस्प्ले येतो का पाहायचं. प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरचं डोकं सपाट आहे की फुगलंय, हे नजरेने हेरायचं. त्या डोक्यावर मुद्दाम फुलीसारखी खाच पाडलेली असते, म्हणजे आतला दाब वाढला तर तो फुटण्याऐवजी तिथून सुटावा. साधारण 1999 ते 2007 या काळात सदोष कपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड असे गेले, आणि पाच-दहा रुपयांचा पार्ट बदलून त्यातले कितीतरी पुन्हा उभेही राहिले. त्यासाठी हात लागतो, सोल्डर किती वेळ तापवायचं याचा अंदाज लागतो. म्हणजे खुलं माप कारागिराची जागा घेत नाही. पण एका कारागिराचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्याच्या हाती देता येतं, आणि तेवढंच तर आपण मागतो आहोत.

ट्रॅक्टरच्या बाबतीत ही समज आणखी जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदा केला: ट्रॅक्टर विकायचा तर आधी तो सरकारी चाचणीत किती ओढतो ते दाखवा, आणि राज्यात सुट्या पार्टांचा साठाही ठेवा. 1920 मध्ये पहिली चाचणी झाली. म्हणजे ओढण्याची ताकद आणि दुरुस्तीची सोय या दोन गोष्टी तिथे शंभर वर्षांपूर्वीच एका कायद्यात बांधल्या गेल्या. आपल्याकडे ओढीची मोजणी नर्मदाकाठच्या बुधनीत होते. तिथली केंद्रीय संस्था 1955 मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली. पक्क्या ट्रॅकवर ट्रॅक्टरच्या मागे भार लावून चाकं किती घसरतात आणि ओढ किती भरते ते तिथे मोजतात. दरम्यान ट्रॅक्टरच बदलत गेला. 1 जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्यासाठी इंधन पुरवणारी कॉमन रेल, सेन्सर आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारा ईसीयू आला. पूर्वी नोझल सैल करून, धुराचा रंग बघून दोष सांगणाऱ्या मिस्त्रीला आता लॅपटॉप लागतो, आणि त्या लॅपटॉपमध्ये लागणारं सॉफ्टवेअर कंपनी बहुधा डीलरपुरतंच ठेवते.

इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर देवासला जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना आहे, म्हणून या कंपनीच्या अमेरिकेतल्या वादाकडे इथे दूरची बातमी म्हणून पाहता येत नाही. शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र स्वतः किंवा गावच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करू दिलं जात नाही, या तक्रारीवरून तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाने जानेवारी 2025 मध्ये कंपनीवर दावा लावला. कंपन्यांची बाजू पोकळ नाही. इंजिनाची आज्ञावली कुणालाही उघडू दिली तर ताकद वाढवण्यासाठी लोक प्रदूषणाची यंत्रणाच बंद करतील, अपघात होतील, असं त्या म्हणतात. पण इथे दोन वेगळी कामं एकत्र गुंडाळली जातात. दोष कोणता हे वाचणं एक, आणि इंजिनाच्या मर्यादा बदलणं दुसरं. पहिल्याला मोकळीक देऊन दुसऱ्याला कुलूप लावता येतं. भारतातले बहुतांश ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीच्या खालचे आहेत, त्यामुळे गावच्या मिस्त्रीला अजून थोडा अवधी आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारं घेतली आणि मोबाइल-टॅब्लेटही. नांगरटीचं यंत्र आणि खिशातलं यंत्र एकाच यादीत आलं, ते योग्यच झालं.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: एवढा खटाटोप कशाला, नवीन घ्या. इंदूर तर कचरा हाताळण्यात देशात नावाजलेलं शहर, घरोघरच्या गाडीत सहा प्रकारचा कचरा वेगळा घेतात, त्यात ई-कचराही आहे. जुनं मशीन नीट विल्हेवाटीला लागतंय ना? लागतं, पण वर्गवारी ही दुरुस्तीच्या नंतरची पायरी आहे. चालू शकणारं मशीन कितीही नीट वेगळं काढलं तरी ते बनवताना गेलेली वीज, पाणी आणि धातू परत येत नाहीत. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, रॅम दुप्पट केली की दहा वर्षांचा पीसी बिलं करायला, मुलांच्या अभ्यासाला सहज पुरतो. ज्या दुकानात हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वर्षानुवर्षं एकमेकांशी जुळून बसलेत, तिथे नवीन मशीन म्हणजे सगळी घडी पुन्हा बसवणं.

मात्र अडचणी आता सप्लाय आणि कपॅसिटरच्या पलीकडे गेल्या आहेत. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली येते. ती गेली तर खोडरबर काय करणार? हॉट एअर गन आणि चिप लेव्हलचं कसब लागतं, बोर्डाची आकृती लागते, आणि ती कंपनी देत नाही. मेकॅनिक कुठून तरी मिळालेल्या आकृतीवर आणि त्याच मॉडेलच्या मेलेल्या बोर्डावरून काढलेल्या पार्टांवर काम भागवतो. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कितीतरी सामान धडधाकट असून केवळ यादीत नाही म्हणून जुनं ठरलं. लिनक्स हा मार्ग आहे, पण ज्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं त्याला तो अर्धाच मार्ग. शिवाय बाजाराचा स्वतःचा दोषही लपवू नये. वर साडेचारशे वॅट छापलेले, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही न जाणारे स्वस्त एसएमपीएस सर्रास विकले जातात. सप्लाय गेला तर एक पार्ट जातो, जाता जाता त्याने मदरबोर्ड नेला तर मशीन जातं.

सर्वांत अवघड गाठ मात्र कुलुपाची आहे, आणि तिथे माझी कसोटी मलाच अडचणीत टाकते. पूर्वी घरातला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस गेला तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फोटो, हिशेब, कागदपत्रं मिळत. आता विंडोज अनेक मशीनांत डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट करून ठेवतं. चावी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, आणि बोर्ड बदलला की पडदा 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती गेलेल्या माणसाच्या खात्यात असते, आणि खात्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेलेला असतो. मेकॅनिकचं कसब इथे शून्य. तरी हे कुलूप वाईट म्हणता येत नाही. तेच कुलूप चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती वाचवतं. फरक इतकाच की ट्रॅक्टर कंपनीचं कुलूप मालकालाही बाहेर ठेवतं, तर या कुलुपाची चावी मालकाकडे असू शकते. म्हणून पहिल्यासाठी कायदा हवा आणि दुसऱ्यासाठी घरातली शिस्त.

ती शिस्त फार मोठी नाही. रिकव्हरी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. दुरुस्ती करणाऱ्यानेही आपली एक सवय बदलावी. आज तो कॅबिनेटच्या स्क्रूवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर लावतो, म्हणजे पुढच्या कारागिराला धमकी देतो. त्याऐवजी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा: कुठला कपॅसिटर बदलला, कुठला सप्लाय टाकला, कुठल्या तारखेला, काय संशय राहिला. गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीनेही वहीत तेवढंच लिहावं. त्याने धंदा जाईल अशी भीती त्यांना वाटते, ती अगदीच निराधार नाही. लिहिलेलं दुसऱ्याच्याही कामी येतं. पण दुसऱ्या दुकानात सुरू झालेलं काम त्याच्याही टेबलावर येतच असतं, आणि अशा वेळी तो आधीच्याने काय केलं हेच आधी शोधत बसतो.