पथ्याच्या ताटातून काय निसटतं?
फेनिलकीटोन्युरिया असलेल्या मुलांच्या शरीरात फेनिलअलॅनिन हे अमिनो आम्ल नीट मोडलं जात नाही. ते साचलं की मेंदूला इजा होते. म्हणून ते भरपूर असलेले दूध, डाळी, अंडी, मासे बंद. त्यांच्यासोबत बी-१२, लोह, जस्त, सेलेनियम, डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्लसुद्धा ताटातून जातात. ही तूट फेनिलअलॅनिन नसलेली खास प्रथिन-पावडर भरून काढते. पण तिचा वास उग्र, चव कडवट. किशोरवयीन मुलं ती टाळतात, पथ्य मात्र चालूच राहतं आणि बी-१२ घसरू शकतं. त्यांच्यावर चिडू नका, चवीचा त्रास खरा असतो. फेनिलअलॅनिन पूर्ण बंद करणंही घातक, वाढीला ते थोडं लागतंच. त्यासाठी भात-बटाटा तोलून देतात. रक्ततपासणीत बी-१२ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही पाहायला डॉक्टरांना आवर्जून सांगा.