प्रत्येक स्विचवर एकच गेटवे

कार्यालयातल्या संगणकाला बाहेरच्या जगाचा रस्ता ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतो फक्त डिफॉल्ट गेटवेचा पत्ता. आपल्या सबनेटबाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट तो डोळे मिटून तिकडे सोडतो. ज्या राउटरवर हा पत्ता आहे तो बंद पडला, तर शेजारी दुसरा धडधाकट राउटर असूनही या संगणकाचं बोलणं तिथेच खुंटतं.

सिस्को कंपनीने नव्वदच्या दशकात यावर एचएसआरपी हा तोडगा काढला. दोन राउटर मिळून एक आभासी आयपी पत्ता आणि एक आभासी मॅक पत्ता सांभाळतात. एक काम करतो, दुसरा कान देऊन बसतो. कामावरचा राउटर साधारणपणे दर ३ सेकंदांनी 'हॅलो' पाठवतो. १० सेकंद काहीच ऐकू आलं नाही, की दुसरा सूत्रं हाती घेतो. या अदलाबदलीचा संगणकांना पत्ताही लागत नाही.

मार्च १९९८ मध्ये एचएसआरपीचं वर्णन आरएफसी २२८१ म्हणून प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच महिन्यात आरएफसी २३३८ मधून व्हीआरआरपी हे खुलं मानक आलं. पण सिस्कोच्या पेटंटची सावली त्यावरही पडली. ती नको म्हणून ओपनबीएसडीच्या मंडळींनी स्वतःचा कार्प प्रोटोकॉल लिहिला आणि २००४ च्या ३.५ आवृत्तीत तो दिला. त्यासाठी अधिकृत प्रोटोकॉल क्रमांक मिळाला नाही, तेव्हा त्यांनी व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरला. दोन्हींच्या आभासी मॅक पत्त्यांचा साचाही एकच आहे. त्यामुळे एकाच व्हीलॅनवर दोघांना समान गटक्रमांक दिला, तर आजही भांडण जुंपतं.

ही सगळी यंत्रणा एक गोष्ट गृहीत धरते: गेटवे नेटवर्कच्या मध्यभागी, दोन ठरावीक पेट्यांमध्ये असणार. फॅब्रिकने नेमकं हेच गृहीतक मोडलं.

फॅब्रिकच्या आराखड्याचं मूळ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये तो मांडला. आज त्याचं रूप असं: सर्व्हर जोडलेले लीफ स्विच खाली, त्यांना सांधणारे स्पाइन स्विच वर, आणि प्रत्येक लीफपासून प्रत्येक स्पाइनपर्यंत दुवा. त्यावर व्हीएक्सलॅन धावतं. २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये वर्णिलेलं हे तंत्र मूळ फ्रेम यूडीपीच्या वेष्टनात घालून नेतं. त्यापायी साधारण ५० बाइट वाढतात, पण व्हीलॅनच्या ४,०९४ च्या मर्यादेऐवजी सुमारे १ कोटी ६७ लाख विभाग हाती येतात. कोणता मॅक पत्ता कोणत्या लीफमागे आहे, ही खबर ईव्हीपीएनमार्फत बीजीपी सगळ्यांना पोचवतं.

अशा फॅब्रिकवर जुनी राउटरजोडी तशीच ठेवली, तर एकाच लीफवरच्या पण वेगळ्या सबनेटमधल्या दोन सर्व्हरांचं बोलणं स्पाइनवरून त्या जोडीपर्यंत जाऊन परत येतं. एनीकास्ट गेटवेने हा हेलपाटा वाचतो. त्यात प्रत्येक लीफवर तोच आयपी आणि तोच मॅक पत्ता असतो. गेटवेसाठी ना हॅलो, ना निवडणूक, ना राखीव राउटर. व्हर्च्युअल मशीन एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये गेलं, तरी त्याला तोच गेटवे भेटतो.

व्हीएक्सलॅनखेरीज फॅब्रिकचं दुसरं घराणं आयईईईच्या ८०२.१एक्यू मानकाचं. नॉर्टेलकडून २००९ मध्ये अवायाकडे आणि २०१७ मध्ये एक्स्ट्रीमकडे गेलेल्या स्विचांच्या परंपरेत ते वाढलं. सोची इथल्या २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकचं नेटवर्क अवायाने याच तंत्रावर उभारलं होतं. इथे पर्याय जास्त आहेत. व्हीआरआरपीच्या 'बॅकअप मास्टर' सोयीत राखीव राउटरही पॅकेटं पुढे धाडतो. आरएसएमएलटीत जोडीतले दोन्ही स्विच एकमेकांच्या मॅक पत्त्यावर आलेली पॅकेटं स्वीकारतात. डीव्हीआरमध्ये गेटवेची मांडणी कंट्रोलर स्विचवर एकदाच लिहायची. ती लीफांपर्यंत आपोआप पोचते.

खरा कस लागतो तो स्थलांतराच्या काळात. जुनी एचएसआरपी जोडी आणि नवा एनीकास्ट गेटवे यांचा आयपी तोच, पण मॅक वेगळा. दोन्ही एकाच व्हीलॅनवर बेसावधपणे चालू केले, तर पत्ता दुहेरी झाल्याच्या तक्रारी लॉगमध्ये उमटू लागतात. कटओव्हरनंतरही एआरपीच्या जुन्या नोंदी धरून बसलेली उपकरणं बंद पडलेल्या मॅककडे पॅकेटं पाठवत राहतात; सिस्कोच्या आयओएसमध्ये अशी नोंद मुळात ४ तास टिकते. म्हणून सिस्कोच्या स्थलांतर मार्गदर्शिकेतली युक्ती कामी येते: एचएसआरपीचा आभासी मॅक आधीच बदलून फॅब्रिकच्या मॅकशी जुळवायचा. धक्का बसायचा तो आधीच, ठरवलेल्या वेळेत बसतो. नंतर एकेका व्हीलॅनचा गेटवे जुन्या जोडीवर बंद करून फॅब्रिकवर चालू करायचा.

एनीकास्टची गैरसोय उशिरा कळते. लीफवरून त्याच पत्त्याने दूरच्या सर्व्हरला पिंग केलं, तर उत्तर सर्व्हरजवळच्या लीफलाच मिळतं आणि विचारणारा ताटकळतो. डीएचसीपी रिलेचंही तसंच. उत्तर योग्य लीफकडे यावं म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र लूपबॅक पत्ता आणि 'ऑप्शन ८२' ची मदत लागते. फायरवॉलला ओएसपीएफचा शेजारी हवा असेल, तर सगळीकडे सारखा असणारा पत्ता त्या कामी येत नाही.

म्हणून गेटवेचा निर्णय सगळ्या नेटवर्कसाठी एकदम न घेता व्हीलॅनगणिक घेणं सोयीचं. सर्व्हर आणि व्हर्च्युअल मशीनच्या व्हीलॅनांना एनीकास्ट किंवा डीव्हीआर शोभतं. फायरवॉल आणि वॅन राउटरांकडे जाणाऱ्या कडेच्या लीफांवर स्वतंत्र पत्त्यांचे राउटेड दुवे किंवा साधं व्हीआरआरपी पुरतं. या व्हीआरआरपीच्या तिसऱ्या आवृत्तीचं मानक एप्रिल २०२४ मध्ये आरएफसी ९५६८ म्हणून सुधारून आलं. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही त्यात आहेत, आणि पूर्वीच्या 'मास्टर' राउटरला आता 'ॲक्टिव्ह' म्हटलं आहे.