दम आधी येतो, हाड मागून

‘तीन महिन्यांत वीस किलो!’ हा मेसेज आमच्या धावण्याच्या ग्रुपवर पडला तेव्हा मी डावा पाय उशीवर ठेवून लोळत होतो. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पाच आठवडे उरले होते, पैसे भरून झाले होते आणि डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे धावण्याचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. मेसेजमध्ये धावपटू अविनाश साबळेचा फोटो, खाली दोन मुठी आणि तीन ज्वाळा. पाठवणाऱ्या काकांचा हेतू चांगलाच होता.

गोष्ट मुळात खरी आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा हे साबळेचं गाव. बारावीनंतर तो ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनला राहिला, २०१५ मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्रीत उतरला. पुढे दुखापत झाली आणि वजन वाढलं. ते उतरवून (किलोचा आकडा दर फॉरवर्डला थोडा बदलतो) तो परत आला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळला. २०१८ ची आशियाई स्पर्धा घोट्याच्या दुखापतीने हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

पण ग्रुपने यातून उचललं काय, तर तीन महिने आणि वीस किलो. साबळे तेव्हा ऐन विशीतला फौजी होता, सराव हेच त्याचं काम होतं आणि बघायला प्रशिक्षक होता. मी शेहेचाळीस वर्षांचा, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. त्या नऊ तासांतला बराच वेळ मग मी वाचण्यात घालवला. ग्रुपवरची निम्मी सूत्रं तपासायला लागलो तशी विरघळत गेली.

‘सगळं गेलं, आता पहिल्यापासून सुरुवात’

पंधरा दिवस बसलेला प्रत्येक धावपटू हे म्हणतो. १९८४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या सात जणांचा सराव पूर्ण बंद करून त्यांची मोजमापं घेतली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घसरली, आठ आठवड्यांपर्यंत सुमारे १६ टक्क्यांनी, आणि बारा आठवडे संपेपर्यंत तिथेच टेकली. स्नायूंतलं केशवाहिन्यांचं जाळं जवळजवळ होतं तसंच राहिलं. तीन महिने बसूनही ही मंडळी कधीच न धावणाऱ्यांच्या पुढेच होती.

पहिली घसरण मुख्यतः रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे होते. रक्ताचं आकारमान घटतं, हृदयाच्या दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून त्याच चढाला नाडी जास्त धडधडते. सराव सुरू केला की ही तूट सर्वांत आधी भरून निघते. त्यामुळे परतल्यावर दहाबारा दिवसांत ‘अरे, जमतंय की’ असं वाटू लागतं. माझा घात इथेच झाला.

‘दम लागत नाही, म्हणजे पाय तयार आहेत’

आठव्या आठवड्यात मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो. ठरवलेलं होतं एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. तीन दिवस पाळलं. चौथ्या दिवशी हवा गार होती, मोर ओरडत होते, श्वास अगदी नाकातून चालला होता. म्हटलं, चालायचं कशाला? सलग पाच किलोमीटर झाले. दोन दिवसांनी आठ. धावण्याच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका सोमवारी जिना उतरताना नडगीच्या आतल्या बाजूला, अंगठ्याने झाकेल एवढ्या जागी, टोचल्यासारखं झालं. दाबून पाहिलं. तीच जागा. आणखी पाच आठवडे गेले.

फिजिओने समजावलं ते असं. हृदय आणि रक्त आठवड्यांच्या हिशेबाने सुधारतात, स्नायू त्यांच्या मागून येतात. स्नायुबंध आणि हाडं महिन्यांच्या हिशेबाने चालतात. हाडाचं वागणं तर उफराटंच आहे. नवा भार पडला की हाड आधी स्वतःला पोखरतं. जुनं खरवडून काढणाऱ्या पेशी प्रथम कामाला लागतात आणि भर घालणाऱ्या पेशी मागून सावकाश येतात. एका जागेची ही डागडुजी पुरी व्हायला तीन ते चार महिने लागतात. म्हणजे पुन्हा धावायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला दम छान परतलेला असतो आणि हाड मात्र खोदलेल्या रस्त्यासारखं असतं. पुणेकराला ही उपमा फोडून सांगावी लागत नाही. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार जमिनीकडून परत येतो आणि एका किलोमीटरात एकेका पायाची साधारण पाचशे पावलं पडतात.

त्यामुळे तयारी छातीला विचारायची नसते, पायाला विचारायची. माझ्या फिजिओच्या परीक्षा साध्या होत्या. अर्धा तास झपझप चालून दुखता कामा नये, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा. एका पायावर उभं राहून टाच पंचवीसदा उचलता आली पाहिजे. आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याच पायावर दहा उड्या, बिनदुखत. शेवटची परीक्षा मी तीनदा नापास झालो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन चौकशीही केली.

‘दर आठवड्याला दहा टक्के वाढवा, काही होत नाही’

हा नियम इतका सुटसुटीत आहे की तो खराच असावा असं वाटतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नवशिक्यांवर तो तपासला गेला. अर्ध्यांनी १३ आठवड्यांत, दहा टक्क्यांच्या बेताने, हळूहळू वाढ केली; बाकीच्यांनी ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम केला. निकाल २००८ मध्ये आला. दोन्हीकडे साधारण दर पाचातला एक जण दुखावला. फरक नगण्य.

अलीकडे, २०२५ मध्ये, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवरून वेगळीच गोष्ट पुढे आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखादीच धाव जास्त घातक ठरते. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा आजची धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की धोका वाढतो, दुप्पट झाली की फारच. माझे पाचाचे आठ आठवा. शनिवारपर्यंत बिछान्यात आणि रविवारी ग्रुपबरोबर पंधरा किलोमीटर, ही आपल्याकडची लाडकी पद्धत या हिशेबात सर्वांत वाईट बसते.

धावण्याआधीच्या ताणण्याबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या १,५३८ नव्या भरतीच्या जवानांवरचा प्रयोग २००० मध्ये छापून आला. व्यायामाआधी पोटऱ्या-मांड्या ताणून धरणारे आणि न ताणणारे सारख्याच प्रमाणात जायबंदी झाले. बरं वाटत असेल तर ताणा. मी पाच मिनिटं चालतो, तेवढं पुरतं.

आणि लग्नाकार्यात हमखास भेटणारं ते वाक्य, ‘या वयात धावून गुडघे घालवून बसशील.’ २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा हौशी धावपटूंत खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धेसाठी उतरणाऱ्यांत मात्र १३.३. यावरून धावण्यानेच गुडघे टिकतात असं सिद्ध होत नाही, कारण दुखऱ्या गुडघ्याचा माणूस मुळात धावायला येतच नाही. पण हौसेच्या धावण्याने गुडघे झिजतात या म्हणण्याला आधार राहत नाही, एवढं नक्की.

‘धावत नाहीस ना, मग खायचं कमी कर’

हे मला कोणी सांगितलं नाही, मीच मला सांगितलं. पहिल्याच आठवड्यात भात बंद, रात्री नुसतं सूप. वजनकाटा चार दिवसांत दीड किलो खाली आला आणि मी खूश झालो. ते बहुतेक पाणी होतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी तोडली की साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि पहिल्या पंगतीला परत येतं. भाताचा यात वेगळा गुन्हा काही नाही, रात्रीच्या भाताचाही नाही.

दुसरीकडे, हाड सांधायला शरीराला उष्मांक लागतात, प्रथिनं लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये अपुऱ्या खाण्याच्या या प्रश्नाला नावच दिलं. व्यायामाच्या मानाने खाणं सतत अपुरं पडलं की संप्रेरकं बिघडतात, बायकांची पाळी चुकते, हाड भरणं मंदावतं आणि स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. पुरुष यातून सुटलेले नाहीत. साताऱ्याच्या तयारीत मी ‘हलकं व्हायचं’ म्हणून चार महिने संध्याकाळचं खाणं सोडलं होतं. तडा कशाने गेला हे ठामपणे कोणीच सांगू शकणार नाही, पण आहारतज्ज्ञ बाईंनी ते ऐकून पेन खाली ठेवलं एवढं मला आठवतं.

त्यांनी हिशेब मांडला. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं. माझं वजन ७२, म्हणजे ६० ग्रॅम. दुखापतीत स्नायू टिकवायचा तर क्रीडा आहारातली मंडळी किलोला १.६ ग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे जवळपास ११५. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) आता ताट बघा. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, ज्वारीच्या भाकरीत तेवढेच, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. ज्या ताटाला मी ‘भरपूर’ म्हणत होतो त्यात पंचेचाळीसच निघाली. वरणाची वाटी दुप्पट, सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची उसळ आणि दही, आठवड्यात तीनदा सोयाबीनच्या वड्या असं करत करत शंभरीपर्यंत गेलो. प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणायची गरज पडली नाही.

आईने मात्र डिंकाचे लाडू पाठवले. डिंकाने हाड सांधतं अशी तिची खात्री आहे. डिंक म्हणजे झाडाचा चीक, त्यात मुख्यतः तंतुमय पदार्थ. हाडाला चिकटवायला तो जात नाही. लाडवातले बदाम, खसखस, खारीक, तूप यांचा शरीराला उपयोग आहेच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे ऐकून तिने पुढच्या खेपेला नाचणीचे लाडू केले. डिंक त्यातही होता.

याचं उलट टोकही पाहिलं आहे. ‘आज पाच किलोमीटर झाले, आता मिसळ हक्काची.’ धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक उष्मांक. माझे पाच किलोमीटर म्हणजे ३६०. साबुदाणा खिचडीची एक भरलेली प्लेट हे सगळं पुसून टाकते. मिसळ खावी, मीही खातो, फक्त ती धावण्याच्या खात्यावर मांडू नये.

‘ताप होता? घाम गाळ, निघून जाईल’

दुखापतीपेक्षा आजारपणानंतरचं परतणं वेगळं, आणि इथे थट्टेला जागा नाही. डेंगी, फ्लू किंवा कुठल्याही विषाणूच्या तापात धावायचं नाही. क्वचित अशा तापात हृदयाच्या स्नायूला सूज येते. तशी ती सापडली तर खेळाडूंनाही तीन ते सहा महिने थांबवतात. ताप गेल्यावर छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली किंवा जिन्यात नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर बूट काढून ठेवा आणि ईसीजी करून घ्या.

साबळेची गोष्टही पुढे सरकली आहे. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीपाशी तो पडला आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध आणि मेनिस्कस ही कूर्चेची गादी दुखावली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची तोक्योची जागतिक स्पर्धा गेली. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबावं तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्मं होत जातं, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. साबळेच्या दुखापतीची बातमी ग्रुपवर आली तेव्हा ज्वाळा कोणी टाकल्या नाहीत. काकांनी फक्त विचारलं, ‘किती दिवस?’

पाय बरा झाल्यावर एका रविवारी मी साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात होतो, बघ्या म्हणून. बायको गाडी चालवत होती आणि मी खिडकीतून चढ मोजत होतो. खाली आल्यावर पोलीस परेड ग्राउंडच्या कडेला सात मिनिटं धावलो, दोन मिनिटं चाललो, पुन्हा सात मिनिटं. घरी येऊन फरशीवर दहा उड्या मारल्या. काकू वर आल्या नाहीत.