गेटवरच्या कुत्र्याचं बिल कोणी भरायचं?

शाळा, दवाखाने, एसटी स्टँडवरची भटकी कुत्री हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला आणि त्यावरून घराघरांत वाद पेटले. दोन्ही बाजू आता सगळ्यांना पाठ आहेत. त्या गदारोळात एक माणूस मात्र कुणाच्याच लक्षात आला नाही. त्याचं कुत्रं आज आजारी आहे आणि खिशात पैसे नाहीत.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत हा माणूस शोधावा लागत नाही. पुणे महामार्गावरून आत वळलं की कितीतरी कारखान्यांच्या गेटवर वॉचमनच्या केबिनला टेकून एखादं कुत्रं बसलेलं असतं. त्याला नाव असतं, डब्यातली चतकोर भाकरी ठरलेली असते, रात्रपाळीला ते राखण करतं. एरवी ते सगळ्या कारखान्याचं. 'दोन दिस झालं, खाईना झालंय' असं ज्या दिवशी कुणी सांगतं, त्या दिवसापासून ते एकट्या वॉचमनचं होतं.

अशा वेळी मदत मागायची कशी, याचा माझ्या पाहण्यातला उत्तम नमुना रतन टाटांचा आहे. जून २०२४ च्या अखेरीस त्यांनी इन्स्टाग्रामवरून मुंबईकरांना हाक दिली. महालक्ष्मीच्या स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटलमध्ये सात महिन्यांचं एक कुत्रं दाखल होतं. गोचीड तापाचा संशय होता आणि अंगातलं रक्त जीव धोक्यात येण्याइतकं उतरलं होतं. पाच मजल्यांचं, १६५ कोटी रुपये खर्चाचं हे रुग्णालय टाटांनी उभारलेलं. पैशाची अडचण नव्हतीच. तरी त्यांना लोकांपुढे यावं लागलं, कारण हवं होतं रक्त, आणि ते दुसऱ्या कुत्र्याच्याच अंगातून येणार होतं. रक्तदाता कसा हवा तेही त्यांनी नेमकं सांगितलं: वय १ ते ८ वर्षं, वजन किमान २५ किलो, लशी पूर्ण, मोठा आजार झालेला नसावा, गेल्या सहा महिन्यांत गोचीड-पिसवा नसाव्यात. वाचणाऱ्याने आपल्या कुत्र्याकडे एकदा पाहिलं की हो की नाही ते तिथंच ठरत होतं. आजार काय, गरज कशाची, कोण देऊ शकतो आणि कुठं यायचं, एवढं चार ओळींत असलं की लोक धावून येतात. 'कृपया मदत करा' एवढाच मजकूर आणि रडका फोटो पाहून लोक हळहळतात आणि पुढे जातात.

टाटांच्या आवाहनातलं रक्ताचं गणित चिंचोळीतही लागू पडतं. दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्ध माणसाच्या शरीरात मुळातच प्रतिपिंडं असतात, कुत्र्यात ती सहसा नसतात. त्यामुळे कुत्र्याला पहिल्यांदा रक्त चढवताना धोका बराच कमी असतो. दुसऱ्या वेळी मात्र जुळणी केल्याशिवाय चढवू नये. म्हणजे शेजारच्या कारखान्यातलं धडधाकट, लस टोचलेलं, २५ किलोचं कुत्रं इथल्या एखाद्या कुत्र्याचा जीव वाचवू शकतं. फक्त ते कुठं आहे, हे आधी माहीत हवं.

रक्त उतरलंय हे घरीच कळतं. कुत्र्याचा वरचा ओठ हलकेच उचलायचा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परततो. हिरडी आधीपासूनच खडूसारखी पांढरी असेल तर सकाळची वाट पाहू नका. मग कानाच्या पाळीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात पाहा, गोचिडी बहुधा तिथंच सापडतील. आणि घरातली माणसांची गोळी मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

गोचीड तापावरचं नेहमीचं डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे. पिकावर मारलेलं औषध पोटात गेलं तर लागणारं अ‍ॅट्रोपिनही महाग नाही. बिल वाढतं ते उशिराने. पहिल्या आठवड्यात गोळ्यांवर भागलं असतं, ते पुढे रक्त, सलाईन, रोजच्या तपासण्या आणि दाखल करण्यापर्यंत जातं आणि वॉचमनच्या महिन्याच्या पगाराला भिडतं. सर्पदंशात तर उसंतच नसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष माणसांसाठी बनतं, तेच कुत्र्यालाही द्यावं लागतं, आणि कुपी किती लागतील हे आधी सांगता येत नाही.

उशीर का होतो? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी गाय, म्हैस, शेळीसाठी बसवलेली आहे. १९६२ वर फोन केल्यावर येणारी फिरती गाडीही मुळात पशुधनासाठी. मोठी शस्त्रक्रिया म्हटली की लोक पुण्याचं नाव घेतात, आणि गाडीभाड्यातच अर्धा धीर संपतो. विम्याचं म्हणाल तर वयाची अट, लसीचा दाखला, मालकाचं नाव हे सगळं लागतं. गेटवरच्या कुत्र्याकडे यातलं काही नसतं.

म्हणून माझी नजर कारखानदारांकडे जाते, आणि त्याला जुना आधार आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय १८८३ चं. ते उभं राहिलं गिरणीमालक सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानातून, पत्नीच्या नावाने. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एका गिरणीवाल्याच्या पैशातून राज्याच्या पशुवैद्यकशास्त्राचा पाया घातला गेला. गिरण्यांवर वाढलेल्या सोलापूरला हे परकं वाटू नये.

आज तर कायदाही सोबत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कोणती कामं चालतील याच्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. शाळेला बाकं आणि रस्त्याकडेला झाडं देणाऱ्यांनी ती द्यावीतच. पण आपलंच गेट राखणाऱ्या जिवासाठी त्यातला छोटा हिस्सा बाजूला काढायला काय हरकत आहे?

चिंचोळीच्या उद्योजकांनी एकत्र येऊन तातडीचा निधी काढावा, असं मला मनापासून वाटतं. रक्कम छोटी चालेल, नियम कडक हवेत. डॉक्टरांनी लेखी अंदाज द्यावा: आज रात्री न केल्यास जीव जाईल ते कोणतं आणि परवावर टाकता येईल ते कोणतं. गरीब माणसाने हे विचारायला लाजू नये, चांगला डॉक्टर सांगतोच. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जावेत. बिल आणि कुत्र्याचं पुढे काय झालं ते सर्व देणगीदारांना कळावं, कुत्रं दगावलं तरीही. मिलाप, केटोसारख्या ऑनलाइन मंचांवर पैसे गोळा करणाऱ्या एकट्या-दुकट्यानेही एवढी शिस्त पाळली तर देणाऱ्याच्या मनात किंतु राहत नाही.

सोबत एक वही हवी. वसाहतीतल्या कोणत्या गेटवर २५ किलोचं, लस झालेलं, गोचीड नसलेलं कुत्रं आहे आणि त्याला रोज खायला कोण घालतं, त्याचा फोन नंबर त्यात लिहिलेला असावा. तिला एक रुपयाही लागत नाही. ती या आठवड्यातच सुरू करता येईल.