अमेरिकेतील रेसिडेन्सी : सीट नव्हे, नोकरी

भिवंडी-मालेगावकडे घरातला मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो, पुढे काय? सरकारी कॉलेजात एमडीचा नंबर लागत नाही, खाजगीत फी परवडत नाही. मग कुणीतरी अमेरिकेचे नाव काढतो. या वर्षी आमच्या पेढीवर असे तीन-चार पालक येऊन बसले. आम्ही कापडवाले, तेही उर्दू शाळेत शिकलेले. वैद्यकशास्त्रावर आम्ही बोलणे गैर. परंतु आमच्या पुतणीने हा मार्ग धरला तेव्हा तिचे कागदपत्र आणि हिशेब आम्हीच सांभाळले. त्यातून जे कळले ते व्यापारी बंधूंपुढे मांडत आहोत, कारण यात पैसा आपलाच गुंततो.

सर्वात मोठी गैरसमजूत अशी की रेसिडेन्सी म्हणजे परदेशातली सीट. आपल्याला डोनेशनची सवय झालेली, म्हणून मनात पहिला सवाल येतो, किती द्यावे लागतील? वास्तविक रेसिडेन्सी ही नोकरी आहे. तेथे फी भरायची नसते, उलट हॉस्पिटल पहिल्या वर्षापासून पगार देते, साधारण साठ-सत्तर हजार डॉलर वर्षाला. ज्या जागेचा पगार मिळतो ती जागा विकत कोण देणार? जागांचे वाटप ‘नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राम’ ही संस्था करते. उमेदवार हॉस्पिटलांना क्रम देतात, हॉस्पिटले उमेदवारांना क्रम देतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. २०१३ पासून नियम असा की जे हॉस्पिटल यात उतरले त्याने आपल्या सर्व जागा यातच घालायच्या. बाजूने एखादी जागा देण्याची सोयच नाही.

हे माहीत नसल्यामुळे आमच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्या भाईंचे नुकसान झाले. एका एजंटाने ‘हॉस्पिटलात जागा पक्की’ म्हणून बयाणा घेतला. भाईंनी चार माग विकले. शेवटी हातात आले ते चार आठवड्यांच्या ऑब्झर्वरशिपचे पत्र, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभे राहून पाहण्याची परवानगी; पेशंटला हात लावायचा नाही. कापड बाजारातला दलाल सौदा फिसकटला तर निदान तोंड तरी दाखवतो. या गृहस्थांनी फोन उचलणेही बंद केले. ऑब्झर्वरशिप निरुपयोगी आहे असे नाही, तेथल्या डॉक्टरचे शिफारसपत्र फार कामाचे असते. पण ती जागा नव्हे. शिवाय मुलगा अजून शिकत असेल तर त्याने पदवीपूर्वीच इलेक्टिव्हसाठी अर्ज करावा. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पेशंट तपासू देतात, पदवीनंतर ते दार बहुतेक ठिकाणी बंद होते.

आता परीक्षांविषयी. फिलाडेल्फियाच्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र परदेशी पदवीधराला आवश्यक असते. त्यासाठी यूएसएमएलईची स्टेप १ आणि स्टेप २ सीके या दोन परीक्षा, शिवाय ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. एमबीबीएस इंग्रजीत केले असले तरी ओईटी सुटत नाही. पेशंटशी बोलता येते का, हे त्यात पाहतात. स्टेप १ मध्ये जानेवारी २०२२ पासून गुण मिळत नाहीत, फक्त पास-नापास. म्हणून सारे वजन स्टेप २ च्या गुणांवर आले आहे. पास झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही, आणि नापास झाल्याची नोंद कधी पुसली जात नाही. ताक्याला डाग पडला तर आपण तो आतल्या घडीत घालतो. येथे प्रत्येक गिऱ्हाईक ताका उलगडूनच पाहते. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त चारच संधी आहेत. तेव्हा ‘एकदा बसून तर पाहू’ हा आपला रिवाज येथे चालत नाही. तयारी कच्ची असेल तर तारीख पुढे ढकलावी, तिचा दंड परवडतो.

परीक्षेतले प्रश्न आधी मिळवून देतो असे सांगणारेही भेटतात. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळशी संबंध असलेल्या आठशेहून अधिक परीक्षार्थींचे निकाल संशयावरून रद्द ठरवले गेले. त्यांत मेहनत करून पास झाल्याचे सांगणारेही होते आणि प्रकरण कोर्टात गेले. पैसे देऊन असले प्रश्न घेणे शरियतमध्ये काय आहे हे वेगळे सांगायला नको. व्यवहार म्हणूनही ते आत्मघाताचे आहे.

नावाची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या लोकांची गाडी येथेच अडते. दहावीच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर त्याचे तोडलेले रूप. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. आपल्याला वाटते, माणूस एकच तर आहे. पण परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचे नाव परवान्यावरच्या नावाशी जुळले नाही तर बसू देत नाहीत, आणि पदवीवरचे नाव वेगळे असेल तर पुरावा मागतात. आमच्या पुतणीचे पाच महिने निव्वळ यातच गेले. पालकांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षीच पासपोर्ट, दहावीचा दाखला आणि कॉलेजची नोंद समोरासमोर ठेवून एकेक अक्षर तपासावे. मुलीचे लग्न मध्ये झाले तर नाव बदलण्याची घाई करू नये.

खर्चाचा अंदाज रुपयांत सांगत नाही, डॉलर रोज हलतो. परीक्षांची फी, पदवीची पडताळणी आणि मुलाखतींचा खर्च धरावाच, पण अर्जांचा हिशेब लोक चुकतात. २०२५ च्या हंगामात पहिल्या ३० अर्जांना दर अर्जी ११ डॉलर आणि एकतिसाव्यापासून दर अर्जी ३० डॉलर होते. म्हणजे ८० अर्जांचे १,८३० डॉलर, आणि त्यातले दीड हजार शेवटच्या पन्नासांचे. जेथे व्हिसा देत नाहीत किंवा पदवीला पाच वर्षांहून जास्त झालेले उमेदवार घेत नाहीत, तेथे अर्ज टाकणे म्हणजे डॉलर पाण्यात. प्रत्येक हॉस्पिटलचे नियम आधी वाचावेत. पदवीनंतर घरी बसून गेलेली वर्षे या बाजारात भाव पाडतात, मग परीक्षेचे गुण कितीही चांगले असोत. या खर्चासाठी व्याजी कर्ज काढण्यापेक्षा बिरादरीत कर्जे हसना मागायला लाजू नये. पगार सुरू झाला की इन्शाअल्लाह फेड लवकर होते.

फेड होईलच असे मात्र धरून चालू नये. मार्च २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेत एमडी होणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ९३ हून अधिक जणांना जागा मिळाली. परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी शेकडा ५८ जणांना. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग, पॅथॉलॉजी यांत आपल्या मुलांना वाव आहे. त्वचारोग किंवा ऑर्थोपेडिक्सचा हट्ट धरणाऱ्याने दोनदा विचार करावा.

व्हिसा बहुतेकांना जे-१ मिळतो. त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे काम पत्करल्यास ही अट माफ होऊ शकते. कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा आहेत. एच-१बी साठी स्टेप ३ आधी पास व्हावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. त्या भरवशावर बेत आखू नये.

अर्ज सप्टेंबरात, निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, काम १ जुलैच्या सुमारास. निकालाच्या आठवड्यात उरलेल्या जागांसाठी आणखी एक फेरी होते. तिथेही नाव नाही आले तर दुसऱ्या वर्षापर्यंत मुलाला रिकामे बसवू नका, हॉस्पिटलात कामाला लावा आणि येथली नीट-पीजी देऊ द्या. जॉर्जिया, किर्गिझस्तानकडून शिकून आलेल्यांनी एफएमजीई आधी पास करून घ्यावी, म्हणजे येथली प्रॅक्टिस हातात राहते. आमची पुतणी पहिल्या वर्षी राहिली, तेव्हा तिने तालुक्याच्या रुग्णालयात अकरा महिने नोकरी केली. दुसऱ्या खेपेला मुलाखतीत तिला सर्वात जास्त प्रश्न त्याच अकरा महिन्यांवर विचारले गेले.