'स्नीक' म्हणजे नुसतं 'हळूच' नव्हे

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा शब्द आहे स्नीक. स्पेलिंग एस-एन-ई-ए-के. अर्थ बघाल तर 'चोरपावलांनी जाणं'. मीही तेवढंच पाठ केलं होतं आणि तिथेच फसलो.

झालं असं, की अमेरिकेतल्या एका सहकारी मुलीचा कोड मी तपासत होतो. मुख्य कामासोबत तिने एक छोटा बदलही केला होता. मला म्हणायचं होतं, "अरे वा, हेपण हळूच करून टाकलंस!" मी कमेंट टाकली, "यू स्नक धिस इन." संध्याकाळी कॉलवर ती शांतपणे म्हणाली, "मी काही लपवलेलं नाही. वर्णनात तिसऱ्या ओळीत लिहिलंय." मी वर्णन वाचलंच नव्हतं!

आपलं 'हळूच' निरागस आहे. आई झोपलेल्या बाळावर हळूच पांघरूण घालते, त्यात चोरी कसली? तिथे इंग्रजीत 'जेंटली' म्हणतात. आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालणं म्हणजे टिपटो. इंचाइंचाने सरकणं म्हणजे क्रीप. आणि सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात शिरून डब्यातला लाडू लंपास करायला जाणं, ते स्नीक. कुणाला कळू नये हा हेतू त्यात आलाच.

म्हणून स्वतःबद्दल वापरला तर मजेत खपून जातो. "आय स्नक इन अ नॅप", म्हणजे कामाच्या मधे गुपचूप डुलकी काढली. 'आय'च्या जागी 'यू' आलं, की समोरच्याला आरोप वाटू शकतो, त्यात लेखी असेल तर आवाजातली मस्करीही पोचत नाही. कोडमध्ये चुकून बग राहिला असेल तर "अ बग स्लिप्ड इन" म्हणा. त्यात कुणावर बोट नाही. डेडलाइन मात्र खुशाल 'स्नीक अप' करते, म्हणजे नकळत येऊन ठेपते.

भूतकाळ? स्नीक्ड हे जुनं रूप. स्नक अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात आलं आणि आता तिथे सर्रास चालतं. परीक्षेत किंवा फॉर्मल मेलमध्ये आपलं स्नीक्ड बरं. स्नीकर्स बूटही यातलेच, रबरी तळव्यांमुळे पावलांचा आवाज येत नाही म्हणून हे नाव. आणि ट्रेलरच्या पोस्टवर 'स्नीक पीक' लिहिताना पीकमध्ये डबल ई, बरं का. स्नीकमधलं ई-ए बघून लोक तिथेही तेच लिहितात, मग त्याचा अर्थ डोंगराचं शिखर होतो!

माझ्या कमेंटचं काय झालं? सॉरी म्हटलं, कमेंट एडिट केली. पण तिच्या ई-मेलमध्ये पहिलं वाक्य केव्हाच जाऊन पडलं होतं.